फी भरणारा हात आणि निर्णय घेणारे घर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत : आफ्रिकेतील खेड्यात वाढणारी मुलगी, तिची शाळा आणि तिच्याकडून अनेक अपेक्षा बाळगणारे तिचे घर. पश्चिम केनियातील मुलींच्या एका शाळेत मी नऊ वर्षे शिकवले आहे. त्यामुळे पहिल्या पत्राचे उत्तर नेहमीपेक्षा लांबले आहे, आणि ते लांबू देणेच मला योग्य वाटले.

प्रश्न : सप्रेम नमस्कार, ताई. आम्ही मूळचे तळेगाव दाभाड्याचे. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी केनियात नैवाशा येथे गुलाबाच्या एका फूलशेतीवर व्यवस्थापक म्हणून आले आणि तेव्हापासून आमचा संसार येथेच आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई लुओ समाजाच्या असून त्यांचे गाव व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, होमा बे काउंटीत आहे. त्यांची धाकटी मुलगी तेथे आजीजवळ राहून शिकते. ती नववीची परीक्षा फार चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि दहावीसाठी तिला निवासी शाळेत जागाही मिळाली. नाताळात सारे कुटुंब गावी जमले, तेव्हा थोरल्या काकांनी असे ठरवले की मुलीचा भाऊ तंत्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याची फी आधी भरावी. मुलीने एक वर्ष थांबावे आणि तोपर्यंत नैवाशाला येऊन थोरल्या बहिणीचे तान्हे मूल सांभाळावे. ही बहीण आमच्याच शेतीवर पॅकहाऊसमध्ये काम करते. हे ऐकून मला राहवले नाही. मी बाईंना सांगितले की मुलीची सगळी फी आम्ही भरतो. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असे वाटले होते, पण त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "काकांना विचारावे लागेल." खरे सांगते, मला वाईट वाटले. ज्या काकांनी मुलीची शाळा थांबवली, त्यांनाच पुन्हा विचारायचे? आम्ही नको तेथे लुडबुड करतो आहोत का? आणि मदत करायचीच असेल तर ती कशी करावी?
— एक वाचक, नैवाशा

उत्तर : तुमचे पत्र आले तेव्हा शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून मी तुम्हाला त्याच रात्री थोडक्यात उत्तर कळवले होते. तेच येथे विस्ताराने लिहिते.

"काकांना विचारावे लागेल" हे वाक्य मी त्या भागात इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यातला अर्थ मला वेगळा ऐकू येतो. तुमच्या बाई तुम्हाला सांगत होत्या की ही मुलगी एकट्या त्यांची नाही. लुओ घरात मूल हे बापाच्या सगळ्या भावंडांचे असते, आणि हे केवळ बोलण्यापुरते नसते. ज्या काकांवर तुम्ही रागावला आहात, त्यांनी एके काळी स्वतःची शाळा सोडून धाकट्या भावांची फी भरली असण्याची शक्यता फार मोठी आहे. कोणी गाय विकतो, कोणी मासळीच्या धंद्यातून काही देतो, शहरातला चुलतभाऊ एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून, हजार शिलिंग पाठवतो, आणि तरीही कमी पडले तर 'हरांबे' होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचे, वर्गणी गोळा करायची. अशा पैशातून जो शिकतो तो घराचा ऋणी असतो आणि नोकरी लागल्यावर पुढच्या मुलाची फी त्याने भरायची असते. ही साखळी कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते, पण ती तुटली तर आजारपणात आणि मयतीत माणूस एकटा पडतो. तुम्ही बाईंच्या हातात पैसे ठेवलेत आणि काकांना ते दुसऱ्या कोणाकडून कळले, तर त्याचा अर्थ असा होईल की या बाईने बाहेरच्या माणसाच्या जोरावर आपली मुलगी साखळीतून सोडवून घेतली. बाई गप्प राहिल्या त्या या भीतीने.

आता काकांच्या हिशेबाकडे पाहू. तो मला मान्य नाही, पण तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी बोलता येणार नाही. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण विनामूल्य झाले आणि २००८ पासून माध्यमिक दिवसशाळांची शिकवणी फी शासन भरू लागले. शासन दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग शाळेला देते असा दर ठरलेला आहे. निवासी शाळेत मात्र जेवण, बिछाना, वीज यांचा खर्च पालकांवर पडतो, आणि वरच्या श्रेणीच्या शाळांसाठी शासनाने घातलेली मर्यादाच वर्षाला ५३,५५४ शिलिंग आहे. शिवाय ही रक्कम तीन सत्रांत सारखी वाटलेली नसते. निम्मी पहिल्या सत्रात, म्हणजे जानेवारीत भरावी लागते. नाताळाचा खर्च नुकताच होऊन गेलेला असतो आणि शेतातले पीक हाताशी नसते. एकाच जानेवारीत दोन मुलांची निम्मी फी उभी करणे हे त्या घराला खरोखरच जड आहे. अशा वेळी कोणाला थांबवायचे, हा प्रश्न निघाला की उत्तर मुलीपाशी येऊन थांबते, कारण मुलगा घरात राहणार आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घराला जाणार असे धरलेले असते. यात काकांचे प्रेम कमी पडते असे मी म्हणणार नाही. त्यांचा हिशेब चुकतो आहे, आणि तो कोठे चुकतो हे त्यांना त्यांच्याच माणसाने दाखवायला हवे.

दुसरे एक कारण तुमच्या अंगणातलेच आहे, म्हणून ते स्पष्ट लिहिते. व्हॅलेंटाइन दिनाच्या, म्हणजे १४ फेब्रुवारीच्या आधीचे पाच-सहा आठवडे फूलशेतीवर काय धांदल असते, हे तुमचे यजमान माझ्यापेक्षा चांगले जाणतात. युरोपात त्या एका दिवशी लागणाऱ्या गुलाबांसाठी पॅकहाऊसमध्ये जादा तास काम चालते आणि त्या वेळी रजा मागणे म्हणजे हातचे काम घालवणे. थोरल्या बहिणीला मूल सांभाळायला माणूस हवे आहे ते नेमके जानेवारीत, आणि शाळा सुरू होते तीही जानेवारीत. बैठकीत भावाच्या फीचे कारण पुढे आले असेल, पण या तान्ह्या बाळाचे कारणही तितकेच खरे असावे. त्यामुळे फी भरण्याआधी यजमानांना एक विचारा : त्या बहिणीच्या बाळासाठी शेतीवर किंवा कामगार वस्तीत पाळणाघराची काही सोय होऊ शकते का? ती झाली तर मुलीला नैवाशाला आणण्याचे अर्धे कारण उरत नाही. हे काम तुम्ही दोघेच करू शकता. गावातल्या काकांच्या हातात ते नाही.

तिसरे कारण तुमच्या पत्रात एका शब्दात येऊन गेले आहे, ते म्हणजे आजी. मुलगी आजीजवळ राहते असे आपण म्हणतो, पण अशा घरांत पुष्कळदा आजी मुलीजवळ राहत असते. पाणी आणणे, सरपण आणणे, सरोवरातली 'ओमेना' नावाची बारीक मासळी उन्हात वाळत घालून राखणे, रात्री दार लावणे, हे सगळे ती मुलगी करते. ती निवासी शाळेत गेली की म्हातारीच्या पाण्याचे काय, हा प्रश्न बैठकीत कोणी मोठ्याने विचारत नाही, कारण त्याचे उत्तर द्यायचे तर कोणा सुनेला गावी राहावे लागेल. माझ्या वर्गातल्या एका अतिशय हुशार मुलीने दुसऱ्या सत्रात शाळा सोडली. आम्ही सगळ्या शिक्षिका फीच्या मागे लागलो होतो आणि फी तर भरलेली होती. तिची आजी पाय घसरून पडली होती आणि घरात दुसरे कोणी नव्हते. मी तिच्या घरी गेले तोवर दोन महिने उलटून गेले होते. तेव्हापासून मी कोणालाही फीचा आकडा विचारण्याआधी पाणी कोण भरते ते विचारते. तुमची ऐपत असेल तर फीइतकाच विचार पत्र्याच्या छपराचे पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाकीचा करा. मार्च ते मे हा तेथला मोठा पावसाळा. त्याआधी टाकी बसली तर आजीचे बरेचसे ओझे हलके होईल आणि काकांनाही सुनेला गावी बसवावे लागणार नाही.

"एक वर्ष थांबू दे" या वाक्याला मात्र मी कडाडून विरोध करते. हे वाक्य बोलणारा प्रामाणिक असतो, पण ते वर्ष क्वचितच संपते. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत केनियातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे १५ टक्के मुली कधी ना कधी गरोदर राहिल्याचे आढळले. शाळेबाहेर पडलेल्या, परक्या गावात बहिणीच्या एका खोलीत राहणाऱ्या, दिवसभर मूल सांभाळणाऱ्या मुलीला हा धोका सर्वांत अधिक असतो. शिवाय केनियात आता नवी शालेय रचना लागू झाली आहे. तिच्या पहिल्या तुकडीने २०२५ च्या अखेरीस नववीची परीक्षा दिली आणि जानेवारी २०२६ मध्ये दहावीत प्रवेश केला. नवी व्यवस्था अजून स्वतःच रुळते आहे, अशा वेळी मिळालेली जागा सोडून पुढच्या वर्षी ती परत मागायला जाणे मला फार धोक्याचे वाटते.

मग बोलायचे कोणी? येथे मला वांगारी मथाई यांच्या बालपणातली एक गोष्ट आठवते. २००४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या या बाईंचे बालपण तुम्ही राहता त्याच नाकुरू भागात, एका गोऱ्या शेतमालकाच्या मळ्यावर गेले; त्यांचे वडील तेथे नोकरीला होते. मळ्यावर शाळा नव्हती, म्हणून १९४७ च्या सुमारास आई मुलांना घेऊन न्येरीजवळच्या इहिथे या आपल्या गावी परतली, तीही मुलग्यांना शिकता यावे म्हणून. भाऊ शाळेत जाऊ लागले आणि वांगारी आईच्या हाताखाली घरकाम करू लागल्या. एके दिवशी त्यांच्या थोरल्या भावाने, न्देरितूने, आईला सहज विचारले की वांगारी आमच्यासारखी शाळेत का जात नाही. आईने विचार केला आणि न जाण्याचे काहीच कारण नाही असे तिचे तिलाच दिसले. घरात पैसा फार नव्हता, तरी मुलगी शाळेत गेली. पुढे लिमुरूचे कन्या विद्यालय, १९६० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिका, आणि १९७१ मध्ये नैरोबीच्या विद्यापीठाची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. पण मला त्या पारितोषिकापेक्षा त्या भावाचा प्रश्न मोठा वाटतो. तो घरातल्या मुलाने विचारला होता, म्हणून त्यावर कोणाला आपला मान राखण्याची वेळ आली नाही.

तुमच्या बाईंच्या घरीही असा एक भाऊ आहे. ज्याच्या फीसाठी बहिणीला थांबवले जाते आहे, त्या मुलाइतके वजन या बाबतीत दुसऱ्या कोणाच्याच शब्दाला नाही. "माझ्यासाठी तिला थांबवू नका," असे त्याने काकांना एकदा सांगितले तर तुम्ही आणि मी लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. बाईंना आधी मुलाशी बोलू द्या. त्यानंतर काकांना नैवाशाला चहाला बोलवा किंवा तुम्ही सवडीने त्यांच्या गावी जा. जाताना साखर आणि चहापत्ती न्या, आणि पहिल्या भेटीत पैशाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर इतकेच सांगा की घराने या मुलीसाठी जे ठरवले असेल त्यात आम्हालाही वाटा उचलू द्यावा. सगळी फी आपण भरतो असे म्हणू नका. काकांनी पत्र्याची पेटी घ्यावी, आईने गादी आणि गणवेश, भावाने सुट्टीत बसचे भाडे, आणि उरलेले तुम्ही. रक्कम कितीही लहान असली तरी घराचा हात त्यात असलाच पाहिजे, नाही तर शाळा ही तुमची होईल आणि पहिल्या अडचणीला घर म्हणेल, मॅडमना विचारा.

पैसे थेट शाळेच्या बँक खात्यात भरा आणि पावती काकांकडे द्या. तीन वर्षांचा विचार आजच करा, कारण दहावीत घालून अकरावीत सोडून देणे हे न घालण्यापेक्षा अधिक दुखावणारे असते. मतदारसंघ विकास निधीतून मिळणाऱ्या शिष्यवेतनाचा अर्ज घरच्यांनीच भरावा. त्यासाठी चीफच्या, म्हणजे स्थानिक शासकीय अधिकाऱ्याच्या, कचेरीत जावे लागते आणि तेथे काकांसारखा माणूसच उपयोगी पडतो. शाळेतल्या मुलींना सॅनिटरी पॅड विनामूल्य द्यावेत असा कायदा केनियाने २०१७ मध्ये केला, तरी पेटीत सत्रभर पुरतील इतके पॅड घालूनच पाठवा.

दोन गोष्टी करू नका. शिकलेल्या मुलीला लग्नात जास्त गाई मिळतात, जास्त 'महारी' म्हणजे वधूमूल्य घरात येते, असे काकांना पटवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. हा युक्तिवाद चालतो, मी तो चालताना पाहिला आहे, आणि म्हणूनच तो मला नकोसा वाटतो; त्या हिशेबाने शिकवलेल्या मुलीचा शिक्षणाचा खर्च पुढे वसूल केला जातो. दुसरे, कायद्याची भाषा सुरुवातीला काढू नका. मुलाला शाळेत पाठवणे ही पालकांची जबाबदारी आहे असे केनियाचा २०१३ चा शिक्षण कायदा सांगतो आणि लग्नाचे किमान वय २०१४ च्या कायद्याने १८ ठरलेले आहे. मुलीचे लग्न जमवत आहेत असे कानावर आले, तर मात्र एक दिवसही न थांबता चीफला आणि बालकल्याण अधिकाऱ्यांना कळवा. तेथे काकांचा मान राखत बसू नये.

प्रश्न : काकेन्या न्ताइया यांच्याविषयी मी अलीकडे ऐकले. पुढे शिकू द्यावे म्हणून त्यांनी वडिलांशी सौदा केला आणि त्या बदल्यात खतन्याला, म्हणजे मुलीच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या विधीला, संमती दिली. सगळे याला त्यांचा विजय म्हणतात. मला ते ऐकून रात्री झोप आली नाही. याला विजय म्हणायचे का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नाही. ती किंमत होती आणि ती एका लहान मुलीकडून घेतली गेली. तुमची झोप उडाली यात तुमचे काही चुकले नाही.

काकेन्या या केनियाच्या नैर्ऋत्येकडील एनोसाएन गावच्या, मासाई समाजातल्या. आठ भावंडांत थोरल्या. पाच वर्षांच्या असतानाच त्यांचे लग्न ठरवलेले होते. मासाई रीतीप्रमाणे खतना झाला की मुलगी बाई झाली असे मानत, तिची शाळा संपत असे आणि लग्न होत असे. त्यांनी वडिलांना सांगितले की हा विधी मी करून घेईन, पण नंतर मला पुढे शिकू द्यायचे. नाही तर मी पळून जाईन. मुलगी पळाली तर गावात वडिलांची मान खाली जाणार होती. म्हणजे घराची अब्रू, जी नेहमी मुलीविरुद्ध वापरली जाते, तिलाच त्यांनी आपल्या बाजूने उभे केले. त्यांच्या बुद्धीला मी वंदन करते, पण अशा सौद्याची वेळ यावी हे मला सहन होत नाही.

त्यांची गोष्ट येथे थांबली असती तर मी ती सांगितलीही नसती. पुढे अमेरिकेतल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांची परवानगी आणि गावाचे पैसे दोन्ही लागणार होते. शिकून परत येईन आणि गावासाठी काही करीन असे वचन त्यांनी दिले आणि गावाने वर्गणी काढली. त्या परत आल्या. २००९ मध्ये एनोसाएनमध्ये त्यांनी मुलींची निवासी शाळा सुरू केली, पहिल्या वर्षी ३० मुली घेऊन. तेथे मुलीला प्रवेश देताना पालकांना कबूल करावे लागते की आम्ही हिचा खतना करणार नाही आणि लहान वयात लग्न लावणार नाही. सौदा तोच, पण आता तो मुलीच्या देहावर होत नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. वरच्या पत्रातल्या लुओ समाजात खतन्याची प्रथा नाही; शेजारच्या मासाई, किसी या समाजांत ती होती आणि काही ठिकाणी आजही लपूनछपून चालते. २०११ च्या कायद्याने केनियात ती सर्वत्र गुन्हा ठरली आहे. सुट्ट्यांमध्ये, विशेषतः डिसेंबरात, हा धोका वाढतो, म्हणून तेथल्या कित्येक मुलींना सुट्टीत घरी न पाठवता शाळेत किंवा आश्रयगृहात ठेवतात. "आफ्रिकेत असे असते" असे एका दमात म्हणू नये, एवढ्यासाठी हे सांगितले. पन्नास किलोमीटरवर रीत बदलते.

प्रश्न : गरोदर राहिलेल्या मुलीला आफ्रिकेत शाळेतून काढून टाकतात हे खरे आहे का? आमच्या वर्गात यावर वाद झाला.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : देशादेशांत फरक आहे आणि तो अलीकडे वेगाने बदलतो आहे. केनियात बाळंतपणानंतर मुलीला परत शाळेत घेण्याचे धोरण १९९४ पासून आहे. टांझानियात मात्र अशा मुलींना शासकीय शाळेत परत येण्यास बंदी होती. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. सिएरा लिओनने आपली बंदी मार्च २०२० मध्ये उठवली. टांझानियाच्याच बाबतीत आणखी एक सांगण्यासारखे आहे. तेथील १९७१ चा विवाह कायदा पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी मुलीचे लग्न लावू देत असे. रेबेका ग्युमी या तरुणीने त्याविरुद्ध दावा लावला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्या तरतुदी घटनाविरोधी ठरवल्या आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

पण धोरणाने दार उघडले तरी तान्हे मूल कोणाच्या मांडीवर ठेवून मुलीने त्या दारातून आत जायचे, हा प्रश्न राहतोच. माझ्या पाहण्यात ज्या मुली परत आल्या, त्या बहुतेक आजीच्या भरवशावर आल्या. बाळाच्या वडिलांकडून मी कोणतीच मदत येताना पाहिली नाही, हेही नमूद करते.

प्रश्न : आपण आफ्रिकेतल्या मुलींविषयी आस्थेने लिहिता, ते वाचून बरे वाटते. परंतु आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलींची अवस्था डोळ्यांसमोर असताना इतक्या दूर कशाला जायचे?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, तुमचा राग मी शिरसावंद्य मानते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले आढळले. त्यामुळे तेथल्या मुलींची कीव करण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तसे मी लिहिले असेल तर क्षमा करावी.

तरीही मी लिहिते, कारण होमा बेच्या त्या मुलीत मला तुमच्या शाळेतली मुलगी दिसते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत बसतात, आणि धाकट्या भावाला कोपीत सांभाळायला थोरली बहीण लागते. तिचे वर्गातले नाव हजेरीपटावर राहते, एवढेच. जी मुलगी गावी राहते ती आजीजवळ राहते, आणि आजी थकली की वयात आलेली मुलगी एकटी कशी ठेवायची, या चिंतेतून तिचे लग्न उरकले जाते. आपल्याकडे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ते वसतिगृह तुमच्या गावात नोव्हेंबरात वेळेवर सुरू होते का, मुलींची तेथे निजण्याची सोय सुरक्षित आहे का, आणि गाड्या भरण्याआधी कोणी शिक्षक घरोघर जाऊन आजी-आजोबांशी बोलतो का, हे तुम्ही मला लिहून कळवावे. ते पत्र या सदरात सविस्तर छापण्याचे वचन देते.

पुन्हा नैवाशाहून : अंक छपाईला जाण्याआधी पहिल्या पत्रलेखिकेचे दुसरे पत्र आले. भावाने काकांना फोन केला. काका स्वतः नैवाशाला येऊन गेले, चहा घेतला, आणि दोन तास फुलांविषयी, पावसाविषयी आणि भारतातल्या शेतीविषयी बोलले. निघताना त्यांनी शाळेच्या खात्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. मुलगी शाळेत दहा दिवस उशिरा पोहोचली. पेटी काकांनी घेतली. थोरल्या बहिणीचे बाळ सध्या शेजारणीकडे असते आणि तिला महिन्याला जे द्यावे लागते ते बहीण व तुम्ही मिळून देता, हे उत्तम झाले. टाकीचे अजून ठरलेले नाही, कारण आजीच्या घराचे छप्पर अर्धे गवताचे आहे आणि त्यावरून पाणी धरता येत नाही.

तुम्ही विचारले आहे की आधी छप्पर करावे की भावाच्या फीला हातभार लावावा. छप्पर करा. भावाची फी काकांच्या हिशेबात आधीच धरलेली आहे, आणि ती त्यांच्याकडेच राहू द्या. मार्चच्या आत पत्रे चढले तर टाकी पुढच्या महिन्यातही घेता येईल.